नोटेवरची डावरी

फौजदारीणबाईंचा पोलीस खात्याशी संबंध म्हणाल तर शून्य. त्या घरी शिवणकाम करायच्या आणि त्यांचे यजमान छापखान्यात नोकरीला होते. हे नाव दिलं दूधवाल्याने. रोज सकाळी बाई दुधात बोट बुडवायच्या, थेंब नखावर घेऊन तो कसा ओघळतो ते बघायच्या आणि मग त्याच्या तोंडाकडे टक लावून म्हणायच्या, "आज नळाला पाणी बरं आलंय वाटतं." दूधवाला बिचारा शपथा घ्यायचा. बाई शपथेवर तर मुळीच विश्वास ठेवायच्या नाहीत. शपथ घ्यायची वेळ कोणावर येते, तर ज्याच्या दुधात पाणी असतं त्याच्यावर.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. बाईंचं तोंड कधी पोळलं नव्हतं, तरी त्या साधं पाणीसुद्धा फुंकून प्यायच्या. भाजीवाल्याच्या तराजूखाली हात घालून बघायच्या. कापडवाल्याने मीटरभर कापड मोजलं की घरी येऊन पुन्हा आपल्या टेपने मोजायच्या. पण एक गोष्ट त्या कधीच करायच्या नाहीत. मनातला खरा संशय त्या तोंडाने विचारायच्या नाहीत. विचारलं की समोरचा सावध होतो, हे त्यांचं ठाम मत. चोराला विचारून कधी चोरी सापडली आहे का? त्यामुळे लहानसहान गोष्टींवर टोमणे, आणि मोठ्या गोष्टींवर मूग गिळून नुसती पाळत, अशी त्यांची रीत होती.

आता अशा बाईला नवरा कसा मिळावा? तर नोटांच्या छापखान्यातला कोरीवकाम करणारा. आगीत तेल म्हणतात ते हेच. तिथे आत जाताना अंग तपासायचे आणि बाहेर येताना पुन्हा तपासायचे. आतलं अवाक्षर बाहेर काढणार नाही असं त्याने लिहून दिलेलं. दिवसभर हा माणूस डोळ्याला भिंग लावून पोलादाच्या पत्र्यावर केसाएवढ्या रेघा कोरायचा आणि संध्याकाळी घरी येऊन म्हणायचा, "आज विशेष काही नाही." रोजचं 'विशेष काही नाही' ऐकून कोणाच्याही मनात पाल चुकचुकेल. बाईंच्या मनात तर पालींचं घरटंच होतं.

एवढं मात्र त्याने सांगितलं होतं, आणि बाईंना ते आवडायचंही, की पत्र्यावर सगळं उलटं कोरावं लागतं. अक्षरं उलटी, आकडा उलटा, माणूस उलटा. मग कागदावर उमटताना सगळं सुलट होतं. "म्हणजे तुम्हाला उलटं बोलायची सवय तिथूनच लागली," असं बाई म्हणायच्या आणि तो हसायचा. संसाराच्या सुरुवातीला दोघं बरेच हसायचे.

मग तपकिरी नोट निघाली.

पगाराच्या दिवशी त्याने ती कोरी करकरीत नोट टेबलावर ठेवली आणि बाजूला उभा राहिला. "बघ तरी, कशी झालीय," म्हणाला. एवढंच. पण त्याचं ते उभं राहणं बाईंना नेहमीचं वाटलं नाही. परीक्षेचा निकाल ऐकायला पोरगं उभं राहावं तसा तो उभा होता. बाईंनी त्याचं भिंग मागून घेतलं आणि खिडकीशी जाऊन बसल्या.

नोट सुंदर होती. ते बाईंनाही नाकारता येईना, आणि खुपलं तेही तेच. चारी कडांना बारीक जाळी होती, एकच रेघ हजार वेळा वळून स्वतःतून पुन्हा निघावी तशी; ती यंत्रावर काढतात हे त्यांना ठाऊक होतं. पण आकड्याशेजारी खिडकीत बसलेली बाई यंत्राची नव्हती. ती सुईत दोरा ओवत होती. हनुवटी किंचित वर, एक डोळा बारीक केलेला, खालचा ओठ दाताखाली ओढलेला. गालावरची सावली नुसत्या ठिपक्यांची होती. कपाळाकडे ठिपके विरळ होत जात होते आणि मानेवर त्यांच्या रेघा होत होत्या. बोट फिरवलं तर केस बोटाला लागत होते, इतकी शाई वर उचलून आली होती. आणि दोरा! तो कागदावर जेमतेम होता, पण नजर तिथून हलत नव्हती. हे काम पगारासाठी केलेलं नव्हतं. ज्याने हे कोरलं त्याने या बाईकडे पोटभर पाहिलेलं होतं.

मग बाईंना हात दिसला. ती डाव्या हाताने ओवत होती.

बाईंनी भिंग आणखी जवळ नेलं. चेहरा आपल्याच घरातला. ओठ आत ओढायची ती सवय आपल्याच घरातली. आणि आपल्या घरात डावखुरी एकच होती, ती म्हणजे त्यांची सख्खी धाकटी बहीण.

"कोण हो ही?" एवढं मात्र त्यांनी विचारलंच.

"कोणी नाही. कल्पनेतली," तो म्हणाला आणि त्याने चष्मा नाकावर वर सरकवला. चष्मा घसरला नव्हता. "आवडली नाही का?"

"बरी आहे," बाई म्हणाल्या. त्याचं तोंड जरा उतरलं. तेही त्यांनी नोंदवून ठेवलं.

त्या दिवसापासून बाई खऱ्या फौजदारीण झाल्या. मागचं सगळं आठवून आठवून जुळवायला लागल्या. धाकटी शिवण घेऊन आठवड्यातून दोनदा यायची, ते शिवणासाठीच का? तिच्या खिडकीची कडी मोडली तेव्हा हे रविवारची झोप सोडून कसे गेले? आणि ते वर्तमानपत्र! संध्याकाळी हे समोर वर्तमानपत्र धरून एकच पान किती वेळ वाचत बसायचे, आणि रद्दी काढताना त्याच पानाची कोरी कड फाडलेली असायची. बाईंनी ते तेव्हाच हेरलं होतं. काहीतरी लिहून नेतात. आता कळलं, कोणाला. शिवणाच्या बिलापेक्षा हिशेब चोख जुळला.

बाईंनी धाकटीला यातलं काही म्हटलं नाही. त्यांनी निमित्त शोधलं. आईने आपलं शिवणयंत्र धाकटीला दिलं होतं. त्यावरून एके दिवशी बाईंनी असा काही आवाज चढवला की शेजारणी गॅलरीत आल्या. "थोरली मी, आणि यंत्र तिला?" धाकटी म्हणत होती, "ताई, अगं घेऊन जा ना, मी कधी नको म्हटलं?" पण यंत्र कोणाला हवं होतं? बाई दार आपटून निघाल्या त्या पुन्हा गेल्या नाहीत. आई गेली तेव्हा दोघी एकाच खोलीत होत्या. धाकटीने शेजारी जागा करून दिली, आणि बाई भिंतीशी जाऊन बसल्या. लोक म्हणाले, पाहा, एका लोखंडी यंत्रासाठी सख्ख्या बहिणी. बाईंनी लोकांना म्हणू दिलं.

नवऱ्याशी भांडण नाही, तंटा नाही. वेळेवर चहा, वेळेवर जेवण, आणि पाळत. तपकिरी नोट घरात आली की बाई ती उलटी घडी घालून ठेवायच्या. भाजीवाल्याला देताना वाटायचं, घे बाबा, ही अवदसा घेऊन जा. पण ती बाई गावभर होती. गल्ल्यात, खिशात, कनवटीला, दवाखान्याच्या खिडकीत. सवतीचं तोंड निदान चार भिंतींत असतं. बाईंची सवत सुट्ट्या पैशांबरोबर परत यायची. पुढे कधीतरी सरकारने ती नोट बंद केली तेव्हा बाईंना खराखुरा आनंद झाला. एक नोट मात्र त्यांनी कपाटाच्या खणात, कागदाखाली, ठेवून दिली होती. पुरावा म्हणून.

दोघं म्हातारी झाली. त्याच्या डोळ्यांवर पडदा आला, कोरणी कायमची खाली ठेवली गेली. आणि एके सकाळी एक गृहस्थ दारात आले. जुन्या नोटा जमवायचा त्यांना नाद होता, आणि कोरणाऱ्याचा पत्ता त्यांनी कुठूनतरी मिळवला होता. पिशवीतून प्लास्टिकच्या पाकिटात घातलेली तपकिरी नोट त्यांनी काढली.

"आम्ही नादिष्ट लोक हिला 'डावरी' म्हणतो," गृहस्थ म्हणाले. "इतकं सुरेख कोरीवकाम पुन्हा झालं नाही. सगळ्यांना एकच कुतूहल आहे. खरं सांगा, ही होती कोण?"

बाई आत पडद्याआड उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांनी त्यांच्या तोंडचा प्रश्न दुसऱ्या कोणीतरी विचारला होता.

"कोणी नाही हो. कल्पनेतली," म्हातारा म्हणाला, आणि त्याने न घसरलेला चष्मा वर सरकवला.

गृहस्थ गेले. बाईंनी कपबशा जरा जास्तच आपटून धुतल्या. या वयातही खोटं! एक पाय तिकडे गेला तरी हा माणूस तिचं नाव लपवतोय. त्यांना वाटलं, आज विचारायचंच. पण सवय वाईट. विचारण्याऐवजी त्या त्याच्या सदऱ्याचं तुटलेलं बटण लावायला बसल्या. राग आला की त्यांना सुई लागायची. खिडकीशी उजेड होता, म्हणून खुर्ची तिकडे ओढली. कपाटाचं आरशाचं दार उघडंच राहिलं होतं, ते समोर आलं. बाईंनी दोरा जिभेवर ओला केला, सुई उजेडात धरली. सुईचं नाक काही सापडेना. सुई आणखी वर धरून बघावी म्हणून त्यांनी मान वर केली.

आरशात नोट होती.

हनुवटी वर, एक डोळा बारीक, खालचा ओठ दाताखाली. पाठीमागे खिडकी. केस पांढरे होते, गाल बसले होते, ते सोडा. आरशातली म्हातारी डाव्या हाताने दोरा ओवत होती.

बाई हलल्या नाहीत. सुई ओवताना माणूस सुईकडे बघतो, स्वतःकडे कोण बघतं? आपण ओठ आत ओढतो हे त्यांना जन्मात ठाऊक नव्हतं. ती सवय धाकटीची, एवढंच त्यांना माहीत. धाकटीने ती कोणाची उचलली, हा विचार या हुशार फौजदारीणबाईंच्या डोक्यात एकदाही आला नव्हता.

पण म्हणून लगेच विश्वास ठेवतील तर त्या बाई कसल्या! त्यांनी उठून खणातला पुरावा काढला. नोट उजेडात धरायची त्यांना सवयच होती, पण नेहमी पुढून. आज त्यांनी ती मागून धरली. मागची नक्षी आड येत होती, तरी कागदातून ती बाई दिसली. उजव्या हाताने ओवणारी.

बटण तसंच लोंबत राहिलं. सदरा हातात घेऊन त्या बाहेरच्या खोलीत आल्या.

"अहो, ती मी आहे."

"कोण?"

"तपकिरी नोटेवरची."

म्हाताऱ्याने आधी दाराकडे पाहिलं. मग उठून, चाचपडत, खिडकी लावली. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी भीती गेली नव्हती. "हळू बोल," तो म्हणाला. मग खुर्चीत बसला आणि एकदम हसला. "ओळखलंस बाई शेवटी."

"मी डाव्या हाताने कधी ओवलं हो?"

मग त्याने सांगितलं. कोणा खऱ्या माणसाचा चेहरा घ्यायचा नाही असा कडक नियम होता. त्याने वर्तमानपत्राआडून, पानाच्या कडेवर, तिला काढली होती. थोडी थोडी, पुष्कळ संध्याकाळी. चित्र मंजूर झालं. पण आयत्या वेळी साहेबांनी आकडा दुसऱ्या बाजूला नेला आणि म्हणाले, बाईचं तोंडही तिकडे फिरवा. नव्याने काढायला वेळ नव्हता. नेहमी पत्र्यावर चित्र उलटं घ्यायचं, त्याने ते या वेळी सुलटच घेतलं. तोंड बरोबर फिरलं. साहेबांनी तोंड पाहिलं आणि सही केली. हाताकडे कोणी पाहिलंच नाही, त्यानेही नाही. लक्षात आलं तेव्हा नोटा बाजारात होत्या.

"चूक कबूल केली असती तर चेहरा कोणाचा हेही निघालं असतं. नोकरी गेली असती, घर गेलं असतं."

"मला सांगायला काय झालं होतं?"

"तुला? तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही. दुसऱ्या दिवशी दूधवाल्याला कळलं असतं."

"माझ्या तोंडात काय काय भिजलंय ते तुम्हाला काय ठाऊक!" बाई ओरडल्या. "मला वाटलं, ती धाकटी आहे!"

म्हाताऱ्याला ते समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा त्याचं तोंड उघडंच राहिलं. "म्हणून तू तिच्याकडे जाणं... अगं, मला वाटलं, शिवणयंत्र."

"सगळ्यांनाच वाटलं."

"एकदा तिचं नाव घेऊन विचारायचंस तरी."

"तुम्ही एकदा सांगायचंत."

बाईंना त्याचा राग आला, फार राग आला. आणि पुन्हा पुन्हा हेही आठवत राहिलं, की त्या संध्याकाळी तो टेबलाशी उभा होता, ओळखेल म्हणून, आणि आपण म्हणालो, बरी आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाल्याने भांडं पुढे केलं तेव्हा बाईंनी दुधात बोट न बुडवताच दार लावलं. तो घाबरून खालच्या मजल्यावर विचारून गेला, "वर सगळं ठीक आहे ना?"

धाकटी गावाच्या दुसऱ्या टोकाला, दोन खोल्यांत राहत होती. दार उघडून तिने थोरलीकडे पाहिलं आणि तिचा हात छातीवर गेला. "कोण गेलं?" तिने विचारलं.

"कोणी नाही. मीच आले."

धाकटी दारातच उभी राहिली. डोळ्यांत संशय होता. तो बाईंना नवीन नव्हता, फक्त आपल्यावर रोखलेला त्या पहिल्यांदाच पाहत होत्या. "यंत्र न्यायला आलीस?" ती म्हणाली. "ने. कधीची सांगतेय."

यंत्र खिडकीशी होतं, तेलपाणी केलेलं, अर्धा शिवलेला अभ्रा सुईखाली. बाईंनी काही न बोलता पिशवीतून तपकिरी नोट काढून यंत्राच्या फळीवर ठेवली. धाकटीने ती पाहिली. मग यंत्राचा लहान खण ओढला आणि रिळांखालून तशीच एक नोट काढून शेजारी ठेवली. घडी पडून पडून मधून पांढरी झालेली.

"ही कशाला जपलीस?" बाईंनी विचारलं.

"तू आहेस ना तिच्यावर." धाकटीला या प्रश्नाचंच नवल वाटलं. "निघाली त्या दिवशीच ओळखलं मी. आई माझ्या डाव्या हातावर फटके द्यायची तेव्हा तू मध्ये पडायचीस, आठवतं? मला समोर बसवून तूच शिकवलंस, आरशात बघितल्यासारखं कर म्हणून. ओवताना तुझं तोंड कसं होतं ते माझ्याइतकं कोणी पाहिलंय? आणि नोटेवर तुझा हात डावा. मला वाटलं, ताईने भावोजींना मुद्दाम सांगून माझ्यासाठी तसा करून घेतला." ती नोटेवरून बोट फिरवत राहिली. "म्हटलं, आता येईल. रागावलीय, पण येईल. अडचण आली तेव्हाही मोडली नाही ती मी."

बाईंना एक वाट दिसत होती. हो म्हणायचं. हो गं, मीच सांगितलं होतं. एका शब्दाचं काम होतं, आणि समोरची त्यावर विश्वास ठेवायला इतकी वर्षं तयार बसली होती. पण आयुष्यभर जगाचं दूध तपासणाऱ्या बाईंना ते जमलं नाही.

"मला वाटलं, ती तू आहेस," त्या म्हणाल्या. "हात डावा होता. मला वाटलं, ह्यांनी तुला काढलंय."

धाकटीचं बोट थांबलं.

"मला? भावोजींनी?"

"हो."

"आई गेली तेव्हा तू भिंतीशी जाऊन बसलीस. ते ह्यासाठी?"

"हो."

धाकटी हसली नाही. रडलीही नाही. "यंत्रासाठी भांडली असतीस तर बरं झालं असतं गं," ती म्हणाली. "तेवढं मी समजून घेतलं होतं."

तिने आपली नोट उचलली, जुन्याच घडीवर दुमडली आणि रिळांखाली सरकवून खण लावला. मग आत गेली. स्टोव्हचा आवाज झाला. बाईंना कळेना, थांबावं की जावं. विचारायची त्यांना सवय नव्हती. शेवटी त्यांनी यंत्राशेजारचं स्टूल ओढलं आणि त्याच्या कडेवर टेकल्या.

धाकटी चहा घेऊन आली, डाव्या हातात एक कप, उजव्यात एक. तिने थोरलीकडे पाहिलं आणि मान हलवली.

"शेजारी नको," ती म्हणाली. "समोर बस. मला तुझं तोंड बघायचंय."